जबडा-सुधार शस्त्रक्रियेचा उदय व विकास (१८४९ ते १९७८) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास हा प्रामुख्याने रोगांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. पटकी, प्लेग, देवी, क्षय यांनी समाजजीवनावर केलेल्या परिणामांची चर्चा इतिहासकारांनी विस्ताराने केली. परंतु ज्यामुळे माणूस मरत नाही, अंथरुणालाही खिळत नाही आणि तरीही आयुष्यभर मान खाली घालून वावरतो, अशा व्यंगांचा इतिहास मात्र दुर्लक्षित राहिला. वरचा आणि खालचा जबडा एकमेकांशी न जुळणे हे असेच एक व्यंग होय. खालचा जबडा पुढे येणे, तो मागे राहून हनुवटी लोपणे, तोंड मिटले तरी पुढचे दात एकमेकांना न भिडणे किंवा चेहऱ्याची एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणे, ही त्याची काही रूपे आहेत. अशा जबड्याचे हाड कापून, हलवून ते योग्य जागी पुन्हा बसविण्याच्या शस्त्रक्रियेला 'ऑर्थोग्नॅथिक सर्जरी' म्हणतात. ग्रीक भाषेत 'ऑर्थोस' म्हणजे सरळ आणि 'ग्नाथोस' म्हणजे जबडा. प्रस्तुत लेखात तिला 'जबडा-सुधार शस्त्रक्रिया' असे म्हटले आहे.

या विषयाकडे वळण्यास एक प्रसंग कारण झाला. प्रस्तुत लेखकाच्या वर्गातील एक विद्यार्थिनी बोलताना नेहमी ओढणीचे टोक ओठांवर धरीत असे. तिचा खालचा जबडा पुढे आलेला होता. घरी तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा दोन ठिकाणांहून नकार आले. त्यानंतर कोणीतरी शस्त्रक्रियेचा मार्ग सुचविला. एके दिवशी तास संपल्यावर तिने विचारले, "सर, हा आजार आहे का?" इतिहासाच्या अध्यापकाला वैद्यकीय सल्ला देण्याचा अधिकार नाही. परंतु एखादी गोष्ट 'आजार' केव्हा ठरते, ती कोण ठरवितो आणि कोणत्या मापाने ठरवितो, हे प्रश्न निश्चितच इतिहासाचे आहेत. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा प्रयत्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जबडा-सुधार शस्त्रक्रियेच्या विकासातील प्रमुख टप्प्यांचा आढावा घेणे.
२) या विकासास कारणीभूत ठरलेल्या सामाजिक व वैद्यकीय घटकांचा शोध घेणे.
३) 'योग्य चेहरा' ही कल्पना या शास्त्रात कशी रूढ झाली याची चिकित्सा करणे.
४) महाराष्ट्राशी असलेल्या या इतिहासाच्या संबंधाचे वास्तव स्वरूप स्पष्ट करणे.

अभ्यासपद्धती व कालमर्यादा

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. १८४९ हे या शस्त्रक्रियेच्या पहिल्या प्रसिद्ध वृत्तान्ताचे वर्ष आहे. १९७८ मध्ये या शस्त्रक्रियेसाठी चेहऱ्याच्या मोजमापाची स्वतंत्र पद्धती प्रसिद्ध झाली. एका रुग्णाच्या वेदनेपासून मापांच्या तक्त्यापर्यंतचा हा प्रवास आहे, म्हणून या दोन वर्षांमधील कालखंड अभ्यासासाठी निवडला आहे. शस्त्रक्रियेच्या तांत्रिक तपशिलात आवश्यक तेवढेच शिरले आहे.

१. पूर्वपीठिका : जागेवर बसविणे आणि कापून मांडणे

जबड्यावरील उपचार प्राचीन आहेत. निखळलेला जबडा पुन्हा बसविण्याची रीत प्राचीन इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरसमध्ये सांगितलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचे विवेचन करताना जबड्याचा सांधा निखळल्यास शेक देऊन तो जागेवर आणावा व 'पंचांगी' नावाचा बंध बांधावा, असे सांगितले आहे. नाक व कान यांच्या पुनर्रचनेचे सुश्रुतांचे वर्णन तर जगप्रसिद्धच आहे.

या परंपरेचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रजी सैन्याबरोबर असलेला कावसजी नावाचा बैलगाडीवान शत्रूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक कापण्यात आले. पुढे विटा करणाऱ्या जातीतील एका जाणकाराने पुणे परिसरात त्याच्या कपाळाची कातडी वळवून नवे नाक तयार केले. त्याचा वृत्तान्त १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने १८१४ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली. आधुनिक प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात या घटनेचे स्थान निर्विवाद आहे.

तथापि येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. निखळलेले जागेवर बसविणे, तुटलेले सांधणे आणि कातडी वळवून उणीव भरून काढणे ही एक परंपरा झाली. मुळात न मोडलेले, निरोगी हाड हेतुपूर्वक कापून त्याची जागा बदलणे ही सर्वस्वी वेगळी कल्पना आहे. ती एकोणिसाव्या शतकापूर्वी आढळत नाही. त्यामुळे जबडा-सुधार शस्त्रक्रियेचे मूळ थेट सुश्रुतांपर्यंत नेणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. सुश्रुतांचे श्रेय एवढे मोठे आहे की, त्यांना न घडलेल्या गोष्टींचे श्रेय देण्याची गरज नाही.

पुढे आलेला खालचा जबडा मात्र इतिहासाला पूर्वीपासून परिचित होता. युरोपातील हाब्सबुर्ग राजघराण्यात पिढ्यान्‌पिढ्या दिसणारा हा विशेष राजचित्रांमधून नोंदला गेला आहे. सम्राट पाचवा चार्ल्स (१५००-१५५८) याच्या चित्रांत तो स्पष्ट दिसतो. स्पेनचा दुसरा चार्ल्स (१६६१-१७००) याला तर अन्न नीट चावताही येत नसे, असे सांगितले जाते. २०१९ मध्ये स्पेनमधील संशोधकांनी या घराण्यातील १५ व्यक्तींची ६६ चित्रे जबड्याच्या शल्यविशारदांकडून तपासून घेतली. जवळच्या नात्यातील विवाहांचे प्रमाण आणि जबड्याच्या विकृतीची तीव्रता यांचा संबंध त्यांना आढळला. राजाच्या चेहऱ्यावरील जो विशेष दरबारी चित्रकाराने घराण्याची खूण म्हणून रंगविला, तोच सामान्य घरातील मुलीच्या चेहऱ्यावर दोष ठरतो. व्यंगाचा अर्थ केवळ हाडात नसतो, तो पाहणाऱ्याच्या दृष्टीतही असतो, हे यावरून स्पष्ट होते.

२. व्हीलिंग, १८४९ : पहिली रुग्ण

जबडा-सुधार शस्त्रक्रियेचा आरंभ अमेरिकेतील सायमन हलिहेन (१८१०-१८५७) यांच्यापासून मानला जातो. ते तत्कालीन व्हर्जिनिया राज्यातील व्हीलिंग या गावी व्यवसाय करीत. बालपणी चुन्याच्या भट्टीत पडून त्यांचे पाय गंभीररीत्या भाजले होते आणि त्यामुळे त्यांना दीर्घकाळ अंथरुणावर काढावा लागला होता. दंतवैद्यक आणि शल्यचिकित्सा या दोन्हींत त्यांनी प्रावीण्य मिळविले. व्हीलिंग येथे रुग्णालय स्थापन करण्यातही त्यांचा पुढाकार होता.

१८४९ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ डेंटल सायन्स'मध्ये त्यांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. रुग्ण वीस वर्षांची तरुणी होती. तिचे पूर्ण नाव लेखात दिलेले नाही. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, म्हणजे अगदी लहानपणी, तिची मान आणि चेहऱ्याचा खालचा भाग भाजला होता. जखम भरताना कातडी आखडली आणि तिने हनुवटी छातीकडे ओढून धरली. वाढत्या वयात खालच्या जबड्याला या ओढीतच वाढावे लागले. परिणामी खालचे पुढचे दात वरच्या दातांच्या पुढे सव्वा इंचाहून अधिक आले. खालचा ओठ उलटला होता, तोंड मिटत नव्हते, लाळ आवरता येत नव्हती आणि मान वर करणेही कठीण होते.

हलिहेन यांनी तीन टप्प्यांत उपचार केले. प्रथम खालच्या जबड्याच्या वरच्या भागातून दोन्ही बाजूंनी हाडाचे पाचरीसारखे तुकडे काढले आणि पुढच्या दातांसह हाडाचा भाग मागे सरकवून बसविला. नंतर मानेवरील आखडलेली कातडी सोडवून त्या जागी खांद्याजवळची कातडी वळविली. शेवटी ओठाची दुरुस्ती केली. रुग्णाचे तोंड मिटू लागले आणि मान वळू लागली.

या घटनेकडे इतिहासकारांनी बहुधा 'पहिली शस्त्रक्रिया' म्हणूनच पाहिले. परंतु तिच्यातील एक बाब अधिक महत्त्वाची आहे. येथे रुग्णाचा जबडा जन्मतः सदोष नव्हता, भाजल्यामुळे तो तसा झाला होता. शस्त्रक्रियेचा हेतू तिला सुंदर करणे एवढाच नव्हता. तिला तोंड मिटता यावे, मान उचलता यावी आणि चारचौघांत बसता यावे, हा तो हेतू होता. कार्य आणि रूप यांत येथे फारकत नव्हती. या शास्त्राचा प्रारंभबिंदू असा आहे, हे पुढील इतिहास पाहताना ध्यानात ठेवणे उपयुक्त ठरते.

३. सेंट लुईस : दंततज्ज्ञ आणि शल्यविशारद यांचा मेळ

हलिहेन यांच्यानंतर सुमारे अर्धशतक या दिशेने फारसे काही घडले नाही. १८४६ मध्ये ईथरची भूल सार्वजनिकरीत्या सिद्ध झाली, पुढे जंतुनाशक पद्धती आल्या आणि १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. या तीन गोष्टींनी पुढील वाटचालीची भूमिका तयार केली.

१८९७ मध्ये सेंट लुईस येथे व्हिलरे ब्लेअर यांनी पुढे आलेल्या खालच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंचे हाडाचे तुकडे काढून संपूर्ण जबडा मागे घेतला. येथे भाजणे किंवा अपघात असे कोणतेही बाह्य कारण नव्हते, जबडा वाढतानाच तसा वाढला होता. १९०७ मध्ये ब्लेअर यांनी जबड्यांच्या विकृतींची पाच गटांत वर्गवारी केली. अशा रुग्णांच्या उपचारात दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञाचा सहभाग हवा, असेही त्यांचे मत होते.

त्याच शहरात आधुनिक दंतसरलीकरणशास्त्राचे जनक एडवर्ड अँगल कार्यरत होते. वरच्या व खालच्या दाढांच्या परस्परसंबंधावरून त्यांनी केलेली त्रिविध वर्गवारी आजही जगभर वापरात आहे. हाड बसवायचे तर दात एकमेकांत नीट बसले पाहिजेत आणि दात बसवायचे तर हाड योग्य जागी हवे, हे परस्परावलंबन येथे प्रथम स्पष्ट झाले. शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर दातांना तारा लावण्याच्या आजच्या पद्धतीचे बीज यात आहे.

४. महायुद्ध : चेहऱ्याची दुरुस्ती आणि समाजात परतणे

पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांच्या चेहऱ्यावरच गोळ्या व बॉम्बचे तुकडे येत. पोलादी शिरस्त्राणामुळे प्राण वाचत, परंतु जबडा उडालेला असे. अशा सैनिकांवर फ्रान्समध्ये व्हाराझ्ताद काझानजियन या आर्मेनियात जन्मलेल्या अमेरिकन दंतवैद्याने केलेले काम ख्यात आहे. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरॉल्ड गिलीज यांनी इंग्लंडमधील सिडकप येथे १९१७ मध्ये सुरू झालेल्या क्वीन्स हॉस्पिटलमध्ये दंतवैद्य, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि चित्रकार यांना एकत्र आणले. तेथे ५ हजारांहून अधिक सैनिकांवर ११ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. जबडाच फुटलेल्या रुग्णाच्या तोंडावर भुलीचा मुखवटा ठेवणे अशक्य असे. त्या गरजेतून तेथील भूलतज्ज्ञ मॅगिल आणि रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालून भूल देण्याची पद्धत विकसित केली. या पद्धतीशिवाय पुढील जबडा-सुधार शस्त्रक्रियांची कल्पनाही करता येत नाही.

सिडकपच्या वॉर्डांत आरसे ठेवीत नसत, असे सांगितले जाते. शरीर बरे झाले तरी चेहरा बरा झाल्याखेरीज माणूस घरी परतत नाही, ही जाणीव त्यामागे होती. युद्धाने चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेला केवळ कौशल्य दिले नाही, 'समाजात परतणे' हा हेतूही दिला.

५. ग्रात्झ आणि झ्युरिक : ह्यूगो ओब्वेगेसर

दुसऱ्या महायुद्धापर्यंत खालचा जबडा मागे घेण्याच्या ज्या पद्धती रूढ होत्या, त्यांत मोठे दोष होते. प्रागचे कोस्टेच्का यांच्या पद्धतीत तारेची करवत कातडीतून आत घालून, हाड न पाहता, केवळ अंदाजाने जबड्याचा उभा भाग आडवा कापीत. कापलेल्या तुकड्यांचा एकमेकांशी स्पर्श अल्प राही आणि स्नायू त्यांना आपापल्या दिशेने ओढीत. त्यामुळे हाड नीट जुळत नसे किंवा पुढचे दात पुन्हा उघडे पडत. बाहेरून कापण्याच्या इतर पद्धतींत चेहऱ्यावर व्रण राही आणि चेहऱ्याच्या हालचाली करणाऱ्या मज्जातंतूला इजा होण्याचे भय असे. रूप सुधारण्यास आलेल्या रुग्णाला व्रण घेऊन परतावे लागे, हा या पद्धतींतील अंतर्विरोध होता.

तो दूर केला ह्यूगो ओब्वेगेसर (१९२०-२०१७) या ऑस्ट्रियन शल्यविशारदाने. ग्रात्झ येथे रिखार्ड ट्राउनर यांच्या हाताखाली ते शिकले. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी काही काळ इंग्लंडमध्ये गिलीज यांच्याकडेही त्यांनी काम पाहिले आणि पुढे झ्युरिक ही त्यांची कर्मभूमी झाली. १९५३ मध्ये त्यांनी खालच्या जबड्याचा कानाकडे जाणारा उभा भाग तोंडाच्या आतून, उभ्या पातळीत चिरण्याची पद्धत अमलात आणली. सोललेल्या वालाच्या दाण्याच्या दोन पाकळ्या जशा वेगळ्या होतात, तसे त्या हाडाचे आतील व बाहेरील असे दोन पदर वेगळे केले जातात. दातांचा भाग आतील बाजूच्या पदराबरोबर पुढे किंवा मागे सरकतो आणि सांध्याचा भाग बाहेरील पदराबरोबर जागेवर राहतो. सरकल्यानंतरही दोन्ही पदर विस्तृत पृष्ठभागावर एकमेकांना भिडलेले राहतात, म्हणून हाड भरून येते. एकाच छेदाने जबडा पुढेही आणता येतो आणि मागेही नेता येतो. चेहऱ्यावर व्रण राहत नाही.

ट्राउनर व ओब्वेगेसर यांचा या विषयावरील इंग्रजी लेख १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. इटलीचे दाल पॉन्ट यांनी त्या छेदाची दिशा बदलून हाडांचा स्पर्श आणखी वाढविला. १९६६ मध्ये वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी वैद्यकीय केंद्रात ओब्वेगेसर यांची व्याख्याने झाली आणि अमेरिकेत या शस्त्रक्रियेचा प्रसार वेगाने झाला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उगम पावलेली ही कल्पना युरोपात प्रौढ होऊन अशा रीतीने पुन्हा अमेरिकेस पोहोचली.

या पद्धतीची किंमतही नोंदविली पाहिजे. खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देणारा मज्जातंतू नेमका याच हाडातून जातो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर ओठ बधिर होणे, आणि काही रुग्णांत तो बधिरपणा कायम राहणे, हा या पद्धतीचा प्रारंभापासूनचा धोका आहे.

६. वरचा जबडा : भय आणि प्रयोग

खालच्या जबड्याच्या तुलनेत वरच्या जबड्याकडे शल्यविशारद उशिरा वळले. यामागे भय होते. वरचा जबडा कवटीपासून पूर्णपणे सुटा केला तर त्याचा रक्तपुरवठा तुटून हाड व दात मरतील, अशी समजूत होती. बोस्टनचे डेव्हिड चीव्हर यांनी १८६७ मध्ये नाकामागील गाठ काढण्यासाठी वरच्या जबड्याचा भाग तात्पुरता खाली वळवून पुन्हा बसविला होता. परंतु ती वाट होती, उद्दिष्ट नव्हे. १९०१ मध्ये फ्रान्सचे रेने ले फोर्ट यांनी ३५ शवांच्या डोक्यांवर आघात करून चेहऱ्याची हाडे कोणत्या रेषांवर फुटतात याचा अभ्यास केला. त्यांनी सांगितलेल्या तीन रेषांपैकी पहिली, दातांच्या मुळांच्या वरून आडवी जाणारी रेषा, पुढे शस्त्रक्रियेचा मार्ग बनली. मोडण्याच्या अभ्यासातून जोडण्याचा मार्ग सापडला, असे याचे वर्णन करता येईल.

१९२७ मध्ये जर्मनीचे वासमुंड यांनी या रेषेवर हाड कापले, परंतु ते पूर्ण सुटे करण्याचे टाळले. १९३४ मध्ये आक्सहाउझेन यांनी ते सुटे करून हलविले. ओब्वेगेसर यांनी १९६० च्या दशकात वरचा जबडा पूर्ण मोकळा करून इच्छित जागी बसविण्याची पद्धत स्थिर केली आणि दोन्ही जबडे एकाच वेळी हलविल्याचा वृत्तान्त १९७० मध्ये प्रसिद्ध केला.

मात्र हे सुरक्षित का आहे, याचे उत्तर प्रयोगशाळेतून आले. अमेरिकेतील विल्यम बेल यांनी १९६९ पासून ऱ्हीसस माकडांवर केलेल्या प्रयोगांत दाखवून दिले की, हाड सर्व बाजूंनी कापले तरी टाळू, हिरड्या आणि गालाकडील मांसल भाग त्याला चिकटलेले राहिल्यास त्यांच्यातून रक्त पोहोचत राहते. १९७५ मध्ये संपूर्ण वरच्या जबड्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि भयाची जागा नियमाने घेतली.

याच दशकात हाड तारेने बांधण्याऐवजी स्क्रू व पट्ट्यांनी घट्ट बसविण्याच्या पद्धती पुढे आल्या. तोपर्यंत रुग्णाचे दोन्ही जबडे सुमारे सहा आठवडे तारेने एकमेकांना बांधून ठेवावे लागत. त्या काळात तो केवळ पातळ पदार्थांवर राही, त्याला बोलता येत नसे आणि उलटी झाल्यास जीव गुदमरण्याची भीती असे. स्क्रूने रुग्णाला त्याचे तोंड परत दिले. वैद्यकाच्या इतिहासात अशा किरकोळ भासणाऱ्या साधनांचे मोल मोठ्या शोधांइतकेच असते.

७. मापाचा इतिहास : 'योग्य चेहरा' कोणाचा?

जबडा कसा हलवावा हे समजल्यावर तो किती व कोठे हलवावा, हा प्रश्न पुढे आला. त्याचे उत्तर मापाने दिले. या मापाचा इतिहास शस्त्रक्रियेच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे.

अठराव्या शतकात डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस काम्पर यांनी चेहऱ्याच्या कोनाची कल्पना मांडली. तिच्यात ग्रीक पुतळे वरच्या टोकाला होते आणि इतर मानवसमूह त्याखाली उतरत्या क्रमाने येत. स्वतः काम्पर सर्व मानवांचे मूळ एकच मानीत असत. परंतु एकोणिसाव्या शतकातील वंशवादी लेखकांनी त्यांच्या कोनाचा उपयोग मानवसमूहांना उच्च-नीच ठरविण्यासाठी केला. पुढे आलेला जबडा हे 'मागासलेपणाचे' लक्षण ठरविण्यात आले. अँगल यांच्यासमोरही आदर्श चेहरा म्हणून अपोलो बेल्व्हेडियर हा प्राचीन पुतळाच होता.

१९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी डोके ठरावीक स्थितीत ठेवून क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत स्वतंत्रपणे मांडली. आता पुतळ्याच्या जागी मोजता येणारे हाड आले. १९४८ मध्ये विल्यम डाउन्स यांनी चेहऱ्याच्या मापांची जी प्रमाणे दिली, ती उत्तम दंतरचना असलेल्या १२ ते १७ वयोगटातील २० गोऱ्या मुलामुलींवरून घेतली होती. १९७८ मध्ये चार्ल्स बर्स्टोन व सहकाऱ्यांनी खास जबडा-सुधार शस्त्रक्रियेसाठी मापनपद्धती प्रसिद्ध केली. तिची प्रमाणे अमेरिकेतील डेन्व्हर येथील मोजक्या व्यक्तींच्या चित्रांवर आधारलेली होती. या पद्धती जगभरच्या दंत महाविद्यालयांत शिकविल्या गेल्या, भारतातही त्या शिकविल्या जातात.

या शास्त्रज्ञांचा हेतू प्रामाणिक होता यात शंका नाही. परंतु माप हे उपचाराचे साधन असते तेव्हा ते ज्याच्यावरून घेतले त्याचा चेहराही त्याबरोबर येतो. डेन्व्हरमधील तरुणाचा सरासरी कोन कोल्हापूरमधील तरुणीच्या चेहऱ्याला लावला, तर तिची निरोगी ठेवणही तक्त्यावर 'विचलन' म्हणून उमटू शकते. भारतातील दंतशास्त्रज्ञांनी नंतरच्या काळात येथील निरनिराळ्या लोकसमूहांची स्वतंत्र प्रमाणे तयार करण्याचे प्रयत्न केले, ही या जाणिवेचीच फलश्रुती होय.

८. महाराष्ट्रातील एक समांतर धागा

महाराष्ट्रात दंतवैद्यकाच्या संस्थात्मक शिक्षणास बराच काळ लोटला आहे. मुंबईतील नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ मधील आहे. तथापि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका ठरतो तो गिलीज यांच्या आणखी एका शिष्याचा मार्ग. डॉ. नोशीर अँटिया (१९२२-२००७) यांनी इंग्लंडमध्ये गिलीज यांच्याकडे प्रशिक्षण घेतले. मायदेशी परतल्यावर त्यांनी पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात काम सुरू केले. पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लॅस्टिक सर्जरीचा विभाग उभारला.

कुष्ठरोगाचे जंतू शरीरातून गेले तरी बसलेले नाक आणि गळालेल्या भुवया माणसाला गावाबाहेरच ठेवतात, हे अँटिया यांनी जाणले होते. रोग बरा झाला तरी चेहरा रोगी राहतो, म्हणून चेहऱ्यावर उपचार हवा, अशी ही भूमिका होती. ओब्वेगेसर आणि अँटिया हे दोघेही एकाच गुरूकडून शिकले. एकाने निरोगी माणसाच्या न जुळणाऱ्या जबड्याचा प्रश्न सोडविला. दुसऱ्याने समाजाने टाकलेल्या माणसाला त्याचा चेहरा परत मिळवून दिला. शस्त्रक्रिया भिन्न असल्या तरी सिडकपमधील 'समाजात परतणे' हा हेतू दोन्हींच्या मुळाशी आहे. या शास्त्राची नैतिक बैठक शोधायची झाल्यास ती मापांच्या तक्त्यापेक्षा येथे अधिक स्पष्टपणे सापडते.

निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) निरोगी हाड हेतुपूर्वक कापून जबडा सुधारण्याची कल्पना ही एकोणिसाव्या शतकाची देणगी आहे. प्राचीन भारतीय शल्यतंत्राचा वारसा चेहऱ्याच्या पुनर्रचनेत मोठा आहे, पण तो या शस्त्रक्रियेचा थेट पूर्वज नाही.

२) या शास्त्राचा आरंभ सौंदर्याच्या हौसेतून झालेला नाही. भाजलेली तरुणी आणि जखमी सैनिक यांच्या दुःखाने त्याला जन्म दिला आणि वाढविले.

३) दंतसरलीकरण, भूलशास्त्र, क्ष-किरण, रक्तपुरवठ्याचे ज्ञान आणि हाड बसविण्याची साधने या पाच शाखा एकत्र आल्यानंतरच १९७० च्या दशकात ही शस्त्रक्रिया सुरक्षित व नेहमीची झाली.

४) रुग्णाच्या तक्रारीबरोबर मापाचा तक्ता निर्णयाचा आधार बनला. हे माप सार्वत्रिक नसून विशिष्ट काळातील विशिष्ट समूहाचे होते.

५) १९७८ नंतर या शस्त्रक्रियेच्या दोन दिशा ठळक झाल्या. झोपेत श्वास अडण्याच्या विकारावर दोन्ही जबडे पुढे आणण्याच्या उपचाराने तिने कार्याची बाजू विस्तारली. दुसरीकडे दक्षिण कोरियासारख्या देशात केवळ रूपासाठी ती मोठ्या प्रमाणावर होऊ लागल्याने तिच्या हेतूविषयी नव्याने चर्चा सुरू झाली.

समारोप

वर्गातील त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला इतिहास 'होय' किंवा 'नाही' असे उत्तर देत नाही. जबडे न जुळल्याने तिला घास तोडता येत नसेल, उच्चार अडत असतील, सांधा दुखत असेल, तर तो विकार आहे आणि त्यावर शंभर वर्षांहून अधिक काळाच्या परिश्रमातून घडलेला उपचार उपलब्ध आहे. आरशात पाहताना तिला स्वतःलाच दुःख होत असेल, तर तेही दुःख खरे आहे, सिडकपच्या आरसे नसलेल्या वॉर्डांनी ते मान्य केले होते. परंतु तिचा चेहरा केवळ दोन घरांच्या नकारामुळे 'सदोष' ठरला असेल, तर दोष हाडात नाही. त्यावर करवत चालविण्यापूर्वी हा चेहरा कोणाच्या मापाने मोजला गेला, हे विचारण्याचा तिला अधिकार आहे.

ती पुढे तज्ज्ञांना भेटली आणि तिने तारा लावून घेतल्या. शस्त्रक्रियेचा निर्णय पदवी परीक्षेनंतर आपण स्वतः घेऊ, असे तिने घरी सांगितले. निर्णय काहीही होवो, तो घेणारी व्यक्ती ती स्वतः असेल. १८४९ च्या लेखात ज्या तरुणीचे पूर्ण नावही नोंदले गेले नाही, तिच्यापासून या इतिहासाने केलेली खरी प्रगती शोधायची असेल, तर ती येथेच शोधावी लागेल.